नुसते दुखणे

गेल्या डिसेंबरात बोरी नदीकाठच्या आमच्या शेतात भरिताची पंगत बसली होती. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचा धूर सगळ्यांच्या कपड्यांत भरला होता, हिरव्या मिरच्या आणि लसूण एकत्र ठेचल्याचा उग्र वास बांधापर्यंत जात होता, आणि माझ्या डाव्या हाताला माझी भाची, म्हणजे दादाची मुलगी, बसली होती. वाढायला चुलतभाऊ होता. तिच्या ताटापाशी येताच त्याने भरिताचे पातेले मागे घेतले आणि वहिनीने वेगळ्या डब्यात आणलेली मऊ खिचडी तिच्यापुढे सरकवली. मग तो माझ्याकडे वळला. मी ताटावर आडवा हात धरला, तेव्हा तो हसून म्हणाला, “तुझं काय ताई, तुझ्या तर दुर्बिणीत काहीच निघालं नव्हतं. तुझं नुसतं दुखणं. घे.” माझा हात बाजूला झाला आणि ताटात पळीभर भरीत, त्यावर शेंगदाणा तेलाची धार आणि कळण्याच्या भाकरीची चतकोर येऊन पडली. त्याच्या बोलण्यात खवचटपणा अजिबात नव्हता. त्याचा माझ्यावर जीव आहे. मी काही बोलले नाही, ताटातले सगळे संपवले, आणि पुढचे दोन दिवस पोटाशी उशी धरून काढले.

खरे तर त्या दिवशी आम्हां दोघींच्या ताटांची अदलाबदल व्हायला हवी होती. भाचीला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे आयबीडी या नावाखाली येणाऱ्या आतड्याच्या दाहक आजारांपैकी एक. मात्र तिचा आजार तेव्हा दहा महिने शांत होता, आणि तो शांत असताना घरचे नेहमीचे जेवण माफक तिखट घालून खायला हरकत नाही, असे तिच्या डॉक्टरांनी वहिनीसमोर दोनदा सांगितले होते. मला आयबीएस आहे, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतडे तपासणीत निरोगी दिसत असूनही पोट दुखत राहण्याचा विकार. माझ्या आतड्यात एकही व्रण नाही. परंतु कांद्या-लसणातले फ्रुक्टान हे घटक लहान आतड्यात पचत नाहीत, तसेच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू त्यांना आंबवतात, आणि त्यातून जो वायू धरतो तो दुसऱ्या कोणाच्या लक्षातही येणार नाही एवढाच असला तरी माझ्या पोटात कळ उठते. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग मला चालतो, खालचा पांढरा चालत नाही. लसूण तेलात तळून काढून टाकला, तर त्या तेलाची फोडणी चालते, कारण फ्रुक्टान तेलात विरघळत नाहीत. असे बारीक हिशेब मी वीस वर्षांत शिकले आहे आणि ते पंगतीत उभ्या असलेल्या माणसाला सांगता येत नाहीत. त्या दुपारी ती माझ्या ताटातल्या भरिताकडे बघत होती आणि मी तिच्या खिचडीकडे.

‘नुसतं’ हा शब्द तेव्हापासून मनात रुतून बसला आहे.

पोटाबद्दल चारचौघांत बोलायचे नसते, हे आम्हांला लहानपणी कोणी न सांगताच कळले होते. गावात घरोघर संडास नव्हते. बायका फटफटायच्या आत टमरेल घेऊन गावामागे जात, आणि एकदा उजाडले की पुन्हा दिवेलागणीनंतरच. मधल्या बारा तासांत ज्या बाईचे पोट बिघडेल तिने ते कसे निभावायचे, हा प्रश्न कोणी विचारत नसे. मला आठवते, सहावी-सातवीत असताना परीक्षेच्या सकाळी माझ्या पोटात हटकून मुरडा येई. आजी बेंबीभोवती हिंगाचा लेप लावी आणि विचारी, “पोटमा दुखस का वं माय?” मी मान हलवली की तिचे समाधान होई, कसे दुखते, कधीपासून, त्यानंतर काय होते, हे तिने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. आमच्याकडे या सगळ्याला एकच शब्द होता, ‘आव’. पांढरा चिकट शेंबडासारखा स्राव पडला तरी आव, आणि त्यात रक्त असले तरी आवच. ‘रक्ती आव’ असा वेगळा शब्द भाषेत आहे, परंतु तो वैद्याच्या तोंडी शोभणारा. एखादी मुलगी आपल्या आईला ‘मला रक्ती आव पडते’ असे म्हणाल्याचे मी माझ्या आयुष्यात ऐकलेले नाही. पुढे मला हे समजले, की स्राव दोन्ही आजारांत पडू शकतो, रक्त मात्र आयबीएसमध्ये पडत नाही. ज्या जागी डॉक्टर दोन आजारांमधली पहिली रेघ मारतात, नेमक्या त्याच जागी आमचा शब्द दोहोंना एकत्र करतो.

आमच्या घरातला घोळ पुढे एका कागदाने वाढवला. मी पंचविशी ओलांडली तेव्हा तालुक्याच्या एका डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले आणि चिठ्ठीवर लिहिले, ‘कोलायटिस’. त्या शब्दाचा अर्थ मोठ्या आतड्याचा दाह असा आहे आणि माझ्या आतड्यात दाह नव्हता, हे त्यानंतर दहा वर्षांनी जळगावात दुर्बिणीची तपासणी झाली तेव्हा कळले. त्या डॉक्टरांना दोष देणे मला बरोबर वाटत नाही. एकोणिसाव्या शतकापासून या दुखण्याला ‘म्यूकस कोलायटिस’ म्हणण्याची पद्धत होती, पुढे ‘स्पास्टिक कोलन’ आले, आणि नावे बदलली तरी जुना शब्द खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत टिकून राहिला. आयबीएस ओळखण्याची लक्षणे नीट मांडून ठेवण्याचा पहिला मोठा प्रयत्नच मुळी १९७८ सालचा, इंग्लंडमधल्या मॅनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. आज जे निकष वापरतात, त्यांची २०१६ साली ठरलेली भाषा अशी आहे, की गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी एकदा तरी पोट दुखले पाहिजे, दुखण्याची सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची असली पाहिजे, आणि ते दुखणे शौचाला जाणे, शौचाच्या खेपांतला बदल आणि शौचाच्या स्वरूपातला बदल, यांपैकी किमान दोन गोष्टींशी जोडलेले असले पाहिजे. मला हे सारे चपखल लागू पडते. जळगावच्या डॉक्टरांनी नवे नाव समजावून सांगितले, पण घरापर्यंत ते पोचले नाही. घरात चिठ्ठीवरचे पहिलेच नाव चालू राहिले: हिला कोलायटिस आहे, त्रास होतो, पण संसार, नोकरी सगळे करते, घाबरण्यासारखे काही नसते.

भाचीला तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्रास सुरू झाला, तेव्हा ती धुळ्याला वसतिगृहात राहून शिकत होती आणि एकोणीस वर्षांची होती. आधी खाणावळीच्या जेवणाला दोष दिला गेला, मग पावसाळ्याच्या पाण्याला. अमिबाच्या गोळ्यांचे दोन कोर्स झाले. दादाने गुळवेल आणली, सातपुड्यातून बाजाराला येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईकडून कुड्याची साल आणली, आईने बेलाचा मुरंबा पाठवला. एका सुट्टीत ती घरी आली तेव्हा वहिनीने मला फोन केला आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, “अगं, माझंच सगळं तिच्यात आलंय. परीक्षा जवळ आली की होतं असं.” मी तिला इसबगोल दिले, माझ्या मेबेव्हरिनच्या गोळ्यांतली एक पट्टी दिली, रोज सकाळी दहा मिनिटे श्वासाचा व्यायाम कर म्हणाले. तिने विचारले होते, “आत्या, तुलाही आव पडते का?” मी म्हणाले, हो, पडते. दोघी एकच शब्द वापरत होतो. ती धुळे-अमळनेर एसटीत दाराजवळची जागा धरून बसू लागली, निघण्याआधी अठरा-अठरा तास काही खाईनाशी झाली, आणि मला तेही ओळखीचे वाटले, कारण मीही प्रवासाच्या दिवशी उपाशी राहते. तिच्या हातातल्या बांगड्या सैल झाल्या होत्या. माझे वजन मात्र वीस वर्षांत कधी उतरले नव्हते, ही गोष्ट मला तेव्हा सुचली नाही.

आणि ती रात्र. दिवाळीनंतर ती चार दिवस जळगावला माझ्याकडे राहायला आली होती. आमचे संडास-न्हाणीघर घराच्या मागच्या बाजूला आहे, आणि त्याच्या दाराला जुनी लोखंडी कडी आहे, जी कितीही हळू सरकवली तरी वाजते. पहाटे पावणेतीनच्या सुमारास ती वाजली. मग साडेतीनला. मग पाचच्या आधी पुन्हा. बादलीत पाण्याची धार पडण्याचा आवाज येत होता, नळ थोडासाच उघडून आवाज होऊ न देण्याची तिची धडपड मला अंथरुणातूनही कळत होती, आणि मी उठले नाही. तिला संकोच वाटेल, असे मी स्वतःला सांगितले. सकाळी चहा पिताना मी विचारले, “रात्री पोट बिघडलं होतं का गं?” ती म्हणाली, “थोडं.” मी ताकात जिरेपूड घालून दिली. आज मला पक्के ठाऊक आहे, की आयबीएसचे पोट दिवसभर कितीही छळो, गाढ झोपलेल्या माणसाला ते सहसा जुलाबासाठी उठवत नाही. झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त, उतरणारे वजन, ताप, कमी झालेले हिमोग्लोबिन आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास या खुणा दिसल्या की डॉक्टर ‘नुसते पोट’ म्हणून थांबत नाहीत. मला वीस वर्षांत एकदाही रात्री असे उठावे लागले नव्हते. मला एवढे एकच स्वतःशी ताडून पाहायचे होते. ती कडी मी तीनदा ऐकली.

रक्त तिने सात महिने लपवले. पहिल्यांदा दिसले तेव्हा तिला मूळव्याध वाटली, आणि मूळव्याध हे नाव एकोणीस वर्षांच्या मुलीने घरात उच्चारावे तरी कसे. मे महिन्यात, जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, ती अंगणात चक्कर येऊन पडली. हिमोग्लोबिन साडेसात निघाले, वजन अकरा किलोंनी उतरले होते. दुसऱ्या दिवशी तपासणीआधी ते लिंबाच्या चवीचे खारट पाणी ती घोटाघोटाने पीत होती आणि मी शेजारी ग्लास धरून बसले होते. दुर्बिणीच्या वेळी तिला थोडी गुंगी दिली होती. डॉक्टरांनी दादाला आणि मला पडद्यावरचे चित्र दाखवले. माझ्या स्वतःच्या आतड्याचे चित्र मी पूर्वी पाहिले होते. ते गुलाबी, तुकतुकीत होते, आणि त्यात पिंपळपानावरच्या शिरांसारख्या बारीक रक्तवाहिन्या स्पष्ट दिसत होत्या. तिच्या आतड्यावर एकही शीर दिसत नव्हती. सोललेल्या गुडघ्यासारखी लाल, ओली, सुजलेली त्वचा, ठिकठिकाणी पिवळट पू, आणि दुर्बिणीचे टोक नुसते लागले तरी तिथून पाझरणारे रक्त. दादा भिंतीला टेकून उभा राहिला. मी पडद्याकडे बघत राहिले आणि मनात एकच वाक्य घोळत होते, की मी हिला श्वासाचा व्यायाम करायला सांगितला होता.

डॉक्टरांनी कागदावर आतड्याचे चित्र काढून आम्हांला समजावले. आयबीडी या नावाखाली मुख्यतः दोन आजार येतात आणि दोन्हींत शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते. अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयापासून सुरू होतो आणि मध्ये जागा न सोडता वर चढत जातो, पण तो आतड्याच्या आतल्या अस्तरापुरता राहतो. क्रोन नावाचा दुसरा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, मध्ये निरोगी पट्टा सोडून पुढे पुन्हा दिसतो, आणि आतड्याच्या भिंतीच्या सगळ्या थरांत शिरतो. त्यामुळे आतडे जागोजागी आवळते किंवा त्याला भगंदरासारख्या वाटा फुटतात. त्यांनी हेही सांगितले, की हा दाह पोटापुरता राहीलच असे नाही, तो सांध्यांत, डोळ्यांत, त्वचेवरही येऊ शकतो. त्याआधीच्या हिवाळ्यात तिचा घोटा सुजला होता आणि आम्ही ती मुरगळ समजलो होतो. मी विचारले, माझे हेच पुढे वाढून असे होते का. ते म्हणाले, नाही. आयबीएसमधून आयबीडी होत नाही, आयबीएसमुळे कर्करोगाचा धोकाही वाढत नाही. तिच्या आजारात मात्र तो थोडा वाढतो, म्हणून साधारण आठ वर्षांनंतर ठरावीक काळाने दुर्बीण करत राहावी लागते. मग त्यांनी एका साध्या तपासणीचे नाव सांगितले, जे ऐकून मी आतून गोठले. आतड्यात दाह असला की तिथे जमा होणाऱ्या पांढऱ्या पेशींमधले कॅलप्रोटेक्टिन नावाचे प्रथिन विष्ठेत उतरते आणि तिथे ते चटकन कुजत नाही, त्यामुळे मोजता येते. ते प्रतिग्रॅम पन्नास मायक्रोग्रॅमच्या आत असले तर आतड्याचा दाह असण्याची शक्यता फारच कमी. तिचा आकडा चार अंकी होता. शंका आली असती, तर एका लहान डबीभर नमुन्याने कितीतरी महिने वाचले असते.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर नवापूरकडचा एक मुलगा होता. त्याचे लहान आतडे जिथे मोठ्याला मिळते तिथे व्रण होते, आणि ते क्षयाचे की क्रोनचे, याचा निकाल लागत नव्हता. आपल्या देशात हा पेच पुष्कळ ठिकाणी पडतो, कारण दोन्ही आजार त्याच जागी बसतात आणि वरून सारखेच दिसतात, तुकडा काढून तपासला तरी दर वेळी स्पष्ट उत्तर मिळत नाही. अशा वेळी कधी कधी क्षयाची औषधे सुरू करून दोन-तीन महिन्यांनी व्रण भरले का, हे पाहतात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी १९३२ साली हा आजार वेगळा काढून दाखवला, तेव्हा त्यांनाही तो क्षयापासून वेगळा करूनच दाखवावा लागला होता. त्या मुलाचे वडील मला रोज संध्याकाळी विचारत, “ताई, तुमच्या पोरीचं नाव तरी कळलं ना?” म्हणजे आजाराचे नाव. आमच्याकडे नाव होते, आणि मला त्या माणसासमोर त्याचीही शरम वाटे. हे आजार आपल्याकडचे नव्हेत, थंड देशांतले आहेत, असे मला तिथे अनेकांनी सांगितले. लुधियानाच्या परिसरात झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाखात सुमारे ४४ लोकांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला होता. एखाद्या तालुक्याची लोकसंख्या डोळ्यांसमोर आणली, तर ही संख्या शंभराच्या आसपास जाते. त्यातल्या कितीजणांच्या घरी आज बेलाचा मुरंबा चालू असेल, हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

दाखल केले त्या दिवशी डॉक्टरांनी तिला पहिला प्रश्न विचारला होता, चोवीस तासांत किती वेळा. तिने हळूच सांगितले, अकरा. ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स यांनी १९५५ साली ठरवलेली मोजपट्टी आजही वापरात आहे: दिवसाला सहा किंवा अधिक रक्ताचे जुलाब, सोबत ताप किंवा नव्वदीपुढची नाडी किंवा उतरलेले हिमोग्लोबिन, म्हणजे झटका तीव्र. त्याच दोघांनी कॉर्टिझोनने अशा रुग्णांचे प्राण वाचतात हे दाखवले. तिला शिरेतून स्टेरॉइड सुरू झाले, आणि तिसऱ्या दिवशी खेपा उतरल्या नाहीत तर पुढच्या औषधांचा किंवा मोठे आतडे काढण्याचा विचार करावा लागेल, असे आम्हांला सांगण्यात आले. त्या तीन दिवसांत मी, दादा आणि वहिनी एका वहीत रेघा मारत होतो. दहा. नऊ. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चार रेघा होत्या. वहिनी त्या पुन्हा पुन्हा मोजत होती. पुढे मेसालामाइनच्या गोळ्या आणि बस्ती सुरू झाली, स्टेरॉइड हळूहळू उतरवले गेले, तोवर तिचा चेहरा गोल, चकचकीत सुजला होता आणि गल्लीतल्या बायका म्हणत होत्या, “छान भरली हं आता तब्येत.” तिने त्या सुट्टीभर आरशाकडे पाठ केली.

तिच्या आजाराला नाव, चित्र आणि आकडा मिळाला, त्याच महिन्यात माझ्या दुखण्याची घरातली जागा गेली. मला याचा राग यायला नको, असे मी स्वतःला पुष्कळदा समजावले. तिच्या रक्ताशेजारी माझा मुरडा मांडणेच मला अपराध वाटे. तरीही दुखत होते. दर मंगळवारी शाळेत पहिल्या तासाला तेवढेच दुखत होते, आणि आता ते सांगायची सोय राहिली नव्हती. तेव्हा मी वाचायला लागले. १९७३ साली रिची नावाच्या संशोधकाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. आतड्यात लहान फुगा ठेवून तो थोडा थोडा फुगवला, तर साठ मिलिलिटरला माझ्यासारख्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकजणांना वेदना झाल्या. निरोगी माणसांत तसे क्वचितच कोणाला झाले. फुगा तोच, हवा तेवढीच. आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक मज्जापेशी आहेत आणि मेंदूशी त्यांचा सतत निरोपांचा व्यवहार चालतो. माझ्या बाबतीत बारीकसा निरोपही कर्णकर्कश होऊन पोचतो. मिरचीची आग ज्या ग्राहकामुळे, म्हणजे मज्जातंतूवरच्या संवेदना टिपणाऱ्या प्रथिनामुळे, जाणवते, तो शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल मिळाले. तोच ग्राहक असलेले मज्जातंतू आयबीएसच्या रुग्णांच्या आतड्यात अधिक संख्येने आढळल्याचे लंडनच्या संशोधकांनी २००८ साली दाखवले होते. ते वाचले त्या रात्री मी एकटीच स्वयंपाकघरात बसून रडले. पंचवीस वर्षे मला सांगण्यात आले होते, की मी मनाला लावून घेते. माझ्या आतड्यातही काहीतरी वेगळे होते. दुर्बिणीच्या काचेला दिसेल असे ते नव्हते.

हे सगळे मी भाचीला कधी सांगितले नव्हते. पंगतीनंतरच्या फेब्रुवारीत तिची फेरतपासणी झाली. दुर्बिणीत अस्तर भरून आले होते, शिरा पुन्हा दिसत होत्या, कॅलप्रोटेक्टिन चाळिशीत आले होते. दादाने पेढे वाटले. आणि ती मात्र गप्प होती. तिच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की दाह पूर्ण ओसरल्यावरही या आजाराच्या बऱ्याच रुग्णांना कळा, फुगारा, एकाएकी लागणारी घाई असा आयबीएससारखा त्रास होत राहतो. आतडे बरे होते, पण त्याने सोसलेले त्याच्या मज्जातंतूंत उरते. त्यावर स्टेरॉइड वाढवून उपयोग नसतो, म्हणून आधी दाह परतला नाही ना हे तपासून घ्यायचे आणि मग पुढचे ठरवायचे. मी घरी येईपर्यंत या गोष्टीचा विचार करत होते. घरात पेढ्यांचा बॉक्स उघडा होता आणि वहिनी फोनवर कोणाला तरी सांगत होती, “आता काही नाही हो, रिपोर्ट अगदी क्लीन आहे.” भाची सोफ्याच्या कडेला बसली होती, एक हात पोटावर होता, आणि तो तसा ठेवल्याचे तिला स्वतःला ठाऊक नसावे. तो हात मला ओळखू आला.

परवा ती मुलाखतीसाठी जळगावला आली आणि माझ्याकडे मुक्कामाला राहिली. रात्री मी कांद्याची पात निवडताना पांढरा भाग वेगळा काढत होते, ती बघत होती, तिने विचारले नाही. मला झोप लागली नाही. घड्याळात अडीच वाजून गेले तेव्हा मागच्या दाराची कडी वाजली. या वेळी मी उठले. अंधारातच भिंतीला धरून मागे गेले आणि बंद दाराबाहेर उभी राहिले. नळ थोडासाच उघडा होता. ती बाहेर आली आणि मला पाहून दचकली.

“रक्त आहे का?” मी विचारले. इतक्या वर्षांत आमच्या घरात हा प्रश्न पहिल्यांदाच असा सरळ विचारला गेला असेल.

“नाही आत्या.”

“झोपेतून उठावं लागलं? ताप? किती वेळा?”

“झोपलेच नव्हते. उद्याचंच डोक्यात आहे. एकदाच गेले.” ती थांबली. दिव्याच्या बटणाकडे गेलेला तिचा हात तसाच राहिला. “रक्त नाही, काही नाही. रिपोर्ट तर सगळे चांगले आहेत. नुसतं दुखतंय.”

“मलाही,” मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग दिवा लावून तिने दोघींसाठी पाणी गरम करायला ठेवले आणि ओट्याला टेकून, आवाज खाली न करता, विचारले, “तुला नक्की कुठे दुखतं, आत्या?”